पोट मेंदूला काय कळवतं?

नमस्कार, श्रोतेहो. परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येतो, मुलाखतीआधी दोनदा संडासला पळावं लागतं. मनाचा पोटावर परिणाम होतो हे कुणाला वेगळं सांगायला नको. विल्यम बोमाँट या अमेरिकी लष्करी डॉक्टरनं तर ते डोळ्यांनी पाहिलं. १८२२ मध्ये अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक काही बुजलं नाही. त्यातून बोमाँट पुढं कित्येक वर्षं पचन न्याहाळत राहिला. सेंट मार्टिन संतापला की पचन बिघडायचं. त्याच्या जागी कुणीही संतापलं असतं म्हणा!

आज बोलायचंय ते मात्र उलट्या वाटेबद्दल. मेंदूच्या तळाशी व्हेगस नावाची नस निघते आणि मान, छाती ओलांडून पोटात पसरते. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू खालची खबर वर नेतात: जठर किती ताणलंय, आतड्यात काय उतरलंय. हुकूम खाली आणणारे तंतू त्या मानानं थोडेच.

कारण आतड्याच्या भिंतीत स्वतःच्याच कोट्यवधी चेतापेशी आहेत. १८९९ मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या बाहेरच्या नसा तोडून पाहिल्या. तरीही आतडं चिमटलं की चिमट्याच्या वरचा भाग आवळायचा, खालचा सैल पडायचा. रोजच्या कारभारासाठी मंत्रालयात फाइल पाठवावी लागतच नाही.

पण काही खबरा तातडीच्या असतात. समजा, शिळंपाकं खाल्लं. आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशींना त्यातल्या विषाचा सुगावा लागतो आणि त्या सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. ते शेजारच्या व्हेगसच्या टोकांना चेतवतं, खबर मेंदूच्या देठात पोचते आणि उलटी होते. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पोटातच असतं. म्हणून 'अमुक खा, पोटात आनंदाचं रसायन बनेल', असे मेसेज फिरतात. ते सोडून द्या. पोटातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरतच नाही.

उलटीवर डॉक्टर ओंडान्सेट्रॉन देतात, कॅन्सरच्या केमोथेरपीतही देतात. ही गोळी सेरोटोनिनला व्हेगसच्या टोकांवर बसू देत नाही. पोटातलं विष ती काढत नाही, खबर अडवते. त्यामुळे मळमळ थांबली तरी जुलाब चालू राहू शकतात. तेव्हा ओआरएसचे घोट बंद करू नका, आणि लघवी कमी झाली किंवा ग्लानी आली तर दवाखाना गाठा.