कात्री लावण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

पहिल्यांदा पैठणीच्या ब्लाउजपीसला कात्री लावायची होती, तेव्हा मी वीस मिनिटं नुसती उभी होते. खडूच्या खुणा झाल्या, टाचण्या झाल्या, टेप पुन्हा एकदा फिरवून झाली. गिऱ्हाईक बाईंच्या मुलीचं लग्न दहा दिवसांवर. पैठणीचा पीस साडीच्याच अंगचा असतो, बिघडला तर बाजारातून तसाच दुसरा आणता येत नाही. शेवटी खाली भाजीवाला जोरात ओरडला, मी दचकले आणि माझं मलाच हसू आलं. मग कापला.

भीती आणि धाडस यावर बोलायला मला बोलावलंय. मला व्याख्यान जमत नाही, त्यामुळे माझ्या कामातलंच सांगते.

मी लालबागची. बाबा कापड गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. "महिन्या-दोन महिन्यांत मिटेल," असं चाळीत जो तो म्हणायचा. बाबा त्या गिरणीत परत कधी गेलेच नाहीत. आई पहाटे उठून खानावळीच्या पोळ्या लाटायची आणि बाबा गॅलरीत बसून गिरणीच्या बंद चिमणीकडे बघत राहायचे. अशा घरातल्या मुलीला महिन्याच्या महिन्याला येणारा पगार म्हणजे देव. म्हणून "भीती फेकून द्या, उडी मारा" असं स्टेजवरून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. आमच्या घरी भीती पुराव्यासकट आली होती.

पुढे मी फोर्टातल्या एका कंपनीत अकाउंट्सला लागले. सोळा वर्षं केली नोकरी. लोकलच्या दारात एका पायावर उभी राहून रोज जायचे, त्याची कधी भीती वाटली नाही. पण राजीनामा हा शब्द नुसता मनात आला तरी पोटात गोळा यायचा. मुंबईकराचं हे असंच. शिवणाची हौस मात्र लहानपणापासूनची. आईला म्हटलं, नोकरी सोडून शिवणकाम करावं म्हणते. ती एवढंच म्हणाली, "बाबांचं विसरलीस का गं?"

विसरले नव्हते. म्हणूनच एका रात्री हिशेबाचा कागद घेतला. डावीकडे एकेक भीती लिहिली आणि उजवीकडे रक्कम. मुलाची फी, एवढे. गाळ्याचं डिपॉझिट, एवढे. सासूबाईंची औषधं. मशीन बिघडलं तर. दोन महिने एकही गिऱ्हाईक आलं नाही तर. मग लिहिलं, 'लोक काय म्हणतील'. त्याच्यापुढे रक्कम काही सुचेना. 'वहिनी हसतील'. तिथंही रकाना रिकामा. 'या वयात?' रिकामा. रात्रीची झोप ज्यांनी उडवली होती, त्यातल्या निम्म्या भीतींपुढे आकडाच नव्हता! उरलेल्यांची बेरीज केली ती आठ महिन्यांच्या घरखर्चाएवढी आली. रक्कम मोठी होती, पण तिला शेवट होता. ती साठवायला मला दीड वर्ष लागलं. तेवढं दीड वर्ष मी नोकरी सोडली नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

आपल्याकडे दादासाहेब फाळके म्हटलं की सगळं पणाला लावणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. ते खरंच आहे. विम्याची पॉलिसी त्यांनी गहाण टाकली, १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला, आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. रात्री काळोखात बसून फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत, हे मात्र फार कमी जण सांगतात. पण मला सगळ्यात आवडतो तो फाळक्यांचा वाटाणा. चित्रपट काढायचा तर पैसा हवा, आणि पैसेवाल्याला नुसत्या बोलण्यानं पटेना. तेव्हा या माणसानं कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं त्याचं चित्रण करत गेला. महिनाभराहून जास्त. पडद्यावर कोंब फुटून वेल सरसर चढताना दिसला, तेव्हा गडी राजी झाला. आख्खा राजा हरिश्चंद्र उभा करायच्या आधी एक वाटाणा!

आमच्या धंद्यात त्या वाटाण्याला मांजरपाट म्हणतात. भारी कापड कापायच्या आधी तोच ब्लाउज स्वस्तातल्या मांजरपाटावर कापायचा, टाचून अंगावर घालून बघायचा. ते दीड वर्ष माझं मांजरपाटच होतं. ऑफिसातून आल्यावर जेवणं उरकून रात्री दहापर्यंत आधी नुसतं फॉल-बिडिंग, मग साधे ब्लाउज, मग कटोरी. गिऱ्हाइकं चाळीतलीच, म्हणजे चुकलं तर जिन्यात गाठून सांगणारी. २००८ च्या दिवाळीनंतर राजीनामा दिला, तेव्हा हात थरथरलाच. पण आता काय काय जाऊ शकतं ते तोंडपाठ होतं.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. दुसऱ्याच वर्षी एका हिरव्या रेशमी पिसाचे काठ बाह्यांवर आणायच्या नादात दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. डाव्या दोन, उजवी नाही. कापड उरलेलं नाही. बाईंना फोन केला, चूक सांगितली, पिसाचे पैसे देते म्हटलं. त्यांनी पैसे मोजून घेतले आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. त्यातल्या एका बाहीची मी टाचण्यांची गादी केली. ती अजून मशीनजवळ असते.

परवा आमच्याकडे कामाला असलेली मुलगी तिच्या पहिल्या पैठणीपुढे उभी होती. मांजरपाटाचा ब्लाउज बसला होता, खुणा बरोबर होत्या, मी दोनदा बघितल्या होत्या. तरी कात्री उघडी धरून ती तशीच. मी काही बोलले नाही, काजं करत बसले. भाजीवाल्याची वेळ झालीच होती.