दुपारी दोन वाजताचे शब्द

३० ऑक्टोबर १९७३, मंगळवार. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय या रेडिओ केंद्रावर दुपारी दोनच्या सुमारास, समाज भाषेकडे कसा पाहतो या विषयावरचा कार्यक्रम चालू होता. पुढची भाषा काही श्रोत्यांना खटकण्यासारखी आहे, अशी सूचना देऊन निवेदकाने जॉर्ज कार्लिन या विनोदवीराच्या ध्वनिमुद्रिकेतला बारा मिनिटांचा भाग लावला. सरकारी परवान्याच्या रेडिओवर आणि दूरचित्रवाणीवर कधीही उच्चारता येणार नाहीत, असे शब्द कार्लिन त्यात एकेक करून सांगत होता, ते पुन्हा पुन्हा उच्चारत होता, त्यांची निरनिराळी रूपे करून दाखवत होता आणि सभागृहातले प्रेक्षक खळखळून हसत होते.

त्याच वेळी मोटारीतून मुलासह चाललेल्या एका गृहस्थाच्या कानावर हे पडले. काही आठवड्यांनी त्याने केंद्र सरकारच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनला, म्हणजे एफसीसीला, पत्र लिहिले. अशी ध्वनिमुद्रिका कोणी घरी ऐकण्यासाठी विकत घेत असेल तर ते एक वेळ समजू शकते, पण तुमच्या ताब्यातल्या ध्वनिलहरींवरून ती कशी काय ऐकवली जाते, असा त्याचा सवाल होता. या प्रक्षेपणाबद्दल दुसरी कोणतीही तक्रार आपल्याकडे आलेली नाही, असे केंद्राच्या चालकांनी आयोगाला कळवले होते. एका पत्रावरून सुरू झालेले हे प्रकरण पाच वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले.

अशा शब्दांपायी शिक्षा होणे अमेरिकेला नवे नव्हते. लेनी ब्रूस या विनोदवीराला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९६४ साली अश्लीलतेबद्दल दोषी ठरवले आणि १९६६ मध्ये हा डाग घेऊनच तो वारला. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी त्याला माफी दिली ती २००३ च्या डिसेंबरात. खुद्द कार्लिनला जुलै १९७२ मध्ये मिलवॉकी शहरातल्या उन्हाळी महोत्सवात मंचावरून उतरताच अटक झाली होती. मात्र तिथल्या न्यायाधीशांनी त्याच वर्षी डिसेंबरात खटला काढून टाकला. भाषा असभ्य आहे, पण तिच्यामुळे शांतताभंग झालेला नाही, एवढे त्यांना पुरेसे वाटले.

रेडिओची गोष्ट वेगळी होती, आणि या प्रकरणाचे सगळे मर्म त्या वेगळेपणात आहे. रंगमंचावर उभे राहायला कोणाचा परवाना लागत नाही. रेडिओ केंद्राला लागतो, तो ठरावीक मुदतीचा असतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी केंद्राची फाईल आयोगासमोर येते. या आयोगाचे सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट त्यांना मंजुरी देते. डब्ल्यूबीएआय हे श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारे, जाहिराती न घेणारे केंद्र होते. १९७५ मध्ये आयोगाने त्याला एका पैचाही दंड केला नाही. पुन्हा तक्रारी आल्या तर विचारात घेता यावा म्हणून आपला आदेश त्याच्या फाईलला लावला, एवढेच. परवान्यावर ज्याचे अस्तित्व अवलंबून आहे, त्याला असा कागद पुरतो.

इथे दोन शब्द नीट वेगळे करून पाहायला हवेत. कार्लिनचे बोलणे कायद्याच्या अर्थाने अश्लील नव्हते, कारण त्यात कामुकता चाळवण्याचा हेतू नव्हता, आणि हे आयोगालाही मान्य होते. आयोगाचे म्हणणे असे की ते असभ्य आहे, आणि कायद्यात ‘असभ्य’ हा शब्द स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. अश्लील मजकुराला अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीचे, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमाचे, संरक्षण नाही. असभ्य बोलण्याला ते आहे. मग संरक्षण असलेल्या बोलण्यावर सरकारला हात टाकता येतो का?

३ जुलै १९७८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने उत्तर दिले की रेडिओपुरता येतो. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिले की प्रसारण घराघरांत शिरते आणि ज्यांना वाचताही येत नाही अशा मुलांच्या कानांपर्यंत सहज पोहोचते. जुन्या एका निकालातली उपमा त्यांनी उचलली: उपद्रव म्हणजे पुष्कळदा योग्य वस्तू अयोग्य जागी असणे, जसे गोठ्याऐवजी दिवाणखान्यात आलेले डुक्कर. डुक्कर दिवाणखान्यात शिरले आहे एवढे दिसले की आयोगाला कारवाई करता येते. ते डुक्कर अश्लील आहे, हे सिद्ध करावे लागत नाही.

उपमा मनात ठसते, पण मला ती पटत नाही. डुक्कर आपल्या पायांनी आत येते. रेडिओ घरातल्या माणसाने लावलेला असतो आणि त्याचे बटण त्याच्याच हाताशी असते. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी नेमके हेच मांडले, आणि त्याहून महत्त्वाचे असे सांगितले की या देशात निरनिराळ्या समाजांची बोली निरनिराळी आहे. जे शब्द न्यायमूर्तींच्या घरात उच्चारले जात नाहीत ते दुसऱ्या वस्तीत रोजच्या बोलण्यातले असू शकतात.

या निकालाच्या शेवटी एक परिशिष्ट जोडलेले आहे. आयोगाच्या कचेरीत कोणीतरी ती ध्वनिमुद्रिका ऐकून शब्दशः उतरवून काढली, आणि प्रेक्षक जिथे जिथे हसले तिथे तिथे कंसात ‘हशा’ असे टिपून ठेवले. ती पाने सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत निकालसंग्रहाच्या ४३८ व्या खंडात छापलेली आहेत. ती वाचताना माझ्या मनात राहतो तो हा कंसातला हशा, कारण ऐकणाऱ्या माणसांनी त्या शब्दांचे काय केले, याची ती निकालातली नोंद आहे.

हा नियम हवेतून येणाऱ्या प्रसारणापुरताच राहिला. केबलला तो लागू नव्हता, म्हणून १९७७ पासून २००८ मधल्या मृत्यूपर्यंत कार्लिनने एचबीओ या केबल वाहिनीवर चौदा कार्यक्रम केले, त्याच दिवाणखान्यात, त्याच संचावर. रेडिओ आणि साध्या वाहिन्यांवर मात्र असभ्य बोलायला रात्री दहा ते सकाळी सहा एवढीच मुभा राहिली.

खरे नुकसान दंडाने होत नाही, धास्तीने होते. २००४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या वार्षिक अंतिम सामन्यात, गायिका जॅनेट जॅक्सनचे वक्ष क्षणभर उघडे पडले आणि तो दाखवणाऱ्या सीबीएस या वाहिनीला साडेपाच लाख डॉलरचा दंड झाला. हा दंड पुढे न्यायालयात टिकला नाही, पण त्याच वर्षी नोव्हेंबरात एबीसी या वाहिनीशी जोडलेल्या साठाहून अधिक केंद्रांनी दुसऱ्या महायुद्धावरचा एक नावाजलेला चित्रपट दाखवायचे नाकारले, कारण त्यातले सैनिक मरताना शिव्या देत होते. तो चित्रपट असभ्य नाही, असे आयोगाने नंतर सांगितले. २००६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, दंडाची मर्यादा दहापट वाढवली. २०१२ मध्ये न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी १९७८ चा निकाल दिला तेव्हाच चुकीचा होता, असे स्पष्ट लिहिले. तो निकाल आजही कायम आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये विनोदवीर जिमी किमेल यांच्या एबीसीवरच्या रात्रीच्या कार्यक्रमात एकही शिवी नव्हती. चार्ली कर्क या उजव्या विचारांच्या राजकीय कार्यकर्त्याच्या हत्येनंतर त्यांनी केलेले राजकीय भाष्य आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांना खटकले, आणि त्यांनी एका मुलाखतीत कारवाईची भाषा केली. त्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, नेक्स्टार या अनेक केंद्रांच्या मालक कंपनीने हा कार्यक्रम दाखवणार नसल्याचे जाहीर केले, सिंक्लेअर ही दुसरी कंपनीही तिच्यामागोमाग गेली, आणि एबीसीने कार्यक्रमच थांबवला. आयोगाने आदेश काढला नव्हता, फाईलला कागदसुद्धा लावला नव्हता. २३ सप्टेंबरला किमेल परतले. त्या दोन कंपन्यांच्या केंद्रांवर ते दिसायला आणखी तीन दिवस गेले.