गडग्यातली वाट

(दृश्य : गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, सकाळ)

त्या मधल्या पोफळीच्या खोडाकडे पाहा. सालीचा सुटलेला पापुद्रा वाटतो, तो उडता सरडा आहे. गळ्याखाली लिंबासारखी पिवळी पिशवी फुलवतो, म्हणजे नर.

आता बघा. लांबट बरगड्या पसरल्या, त्यांच्यावरची कातडी ताणली गेली आणि समोरच्या पोफळीवर तो अलगद टेकलासुद्धा. हा पंख फडफडवत नाही, नुसता तरंगतो. तरंगताना उंची कमी होत जाते, म्हणून पुढचं झाड टप्प्यात असावं लागतं. मुंग्या खोडावरच मिळतात. मादी अंडी घालायला तेवढी खाली उतरते.

(दृश्य : वाड्यातला चिऱ्यांचा गडगा)

सरपटत जाणाऱ्यांची वाट मात्र जमिनीवरून जाते, या गडग्यातून. खाणीतून काढलेले जांभ्याचे चिरे एकावर एक नुसते रचलेले असतात, मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. पावसाचं पाणी फटींतून निघून जातं आणि चार पावसांत गडग्यावर शेवाळ आणि नेचे धरतात.

सकाळी वरचा थर आधी तापतो. सरड्याला अंगात ऊब लागते ती उन्हातूनच मिळते, म्हणून तो तिथे बसलाय. खालच्या फटीतून ही सापसुरळी निघाली. पायाखाली तापलेला दगड, हातभरावर गार सावली, वरून घार आली तर लपायला भोक. एका भाटातला, म्हणजे बागायतीतला, गडगा दुसऱ्या भाटाला भिडतो, तिथून डोंगराला. आमच्या मते गोव्यात वन्यजीवांसाठी याहून जुना आणि स्वस्त कॉरिडॉर नाही. तो कुणी नकाशावर काढलेला नाही, एवढंच.

(दृश्य : पणजीजवळ, पर्वरीच्या बाजूची नवी वसाहत)

डोंगर कापून केलेला हा सपाट तुकडा. भोवती पुरुषभर उंचीची गिलावा केलेली भिंत, फट एकही नाही. सापसुरळीला ती चढता येत नाही आणि वळसा घालायला बाजूलाही तशीच भिंत आहे.

(दृश्य : रात्र, पोर्चमधला दिवा)

याच भिंतीवर पालीचं बरं चाललंय. तिच्या बोटांखाली आडव्या पट्ट्या दिसतायत ना? त्यांवर साध्या डोळ्यांना न दिसणारे असंख्य केस असतात, ते पृष्ठभागाला इतके जवळ भिडतात की काचेवरही पकड बसते. दिव्याला किडे येतात, किड्यांना पाल. ही घरपाल मूळची दक्षिण आणि आग्नेय आशियातली. जहाजांच्या मालातून ती प्रशांत महासागरातल्या बेटांवर पोचली आणि तिथल्या दिव्यांजवळून आधीच्या छोट्या पालींना तिने हुसकावलं.

उलटही घडतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडात क्युबा आणि बहामाकडचा तपकिरी अनोल हा छोटा सरडा आला, तेव्हा तिथला हिरवा अनोल झाडाच्या वरच्या भागात सरकला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार अवघ्या 15 वर्षांत त्याच्या बोटांखालच्या गाद्या मोठ्या झाल्या. वर सरकायला तिथे झाडं होती.

(दृश्य : रस्त्याकडेचं गटार, घोरपड)

ही घोरपड. जीभ बाहेर काढून वास घेत चाललीय. एके काळी घुमट या मातीच्या वाद्याच्या तोंडावर हिचंच कातडं ताणत. आता बकऱ्याचं चामडं लावतात आणि 2019 मध्ये घुमट गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं. चवथीच्या आरतीत घुमट आजही तसाच दणाणतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीचं नाव आहे. कातडं वाचलं, पण ओहोळाकडून भाटाकडे जाताना तिला आता महामार्ग ओलांडावा लागतो, आणि गाड्यांखाली ती मरते.

(दृश्य : गवंडी, कुंपणाचं काम)

नवं कुंपण घालताना तळाच्या थरात ठरावीक अंतरावर वीतभर मोकळी जागा सोडता येते. गवंड्याला त्यासाठी वेगळं काही शिकावं लागत नाही, खर्चही वाढत नाही. जिथे जुना गडगा उभा आहे, तिथे तो न पाडणं त्याहून सोपं. बांधकामाचा परवाना गावात पंचायत देते. त्यात ही अट घालण्याचा ठराव कोणताही गावकरी ग्रामसभेत मांडू शकतो.