शेक रॅग स्ट्रीटवरचं दगडी घर

नमस्कार मंडळी. आज ज्या घराबद्दल बोलायचंय ते इथून, मॅडिसनहून, गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. तरी आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते बघितलेलं नसणार, कारण पाहुणे आले की आपण त्यांना डेल्स या सहलीच्या गावाला नेतो आणि मिनरल पॉइंट नावाचं गाव हायवेच्या बाजूला राहून जातं. मी पहिल्यांदा गेले ती कोणीतरी तिथे करंजी मिळते म्हणून सांगितलं म्हणून. करंजीची गोष्ट पुढे सांगते.

आधी जमीन. नैऋत्य विस्कॉन्सिनचा हा पट्टा हिमयुगातल्या बर्फाखाली कधी आलाच नाही, म्हणून तो आजूबाजूच्या भागासारखा सपाट नाही, सगळ्या टेकड्या आणि घळी, आणि शिसं अगदी वरवर. हो-चंक, सॉक, मेस्क्वाकी हे इथले मूळ रहिवासी ते कितीतरी आधीपासून काढत होते, विकत होते. १८२७-२८ च्या सुमारास गोरे खाणवाले झुंडीने आले आणि १८२९ च्या तहात हो-चंक लोकांना ही जमीन सोडावी लागली. हे मी मुद्दाम आधी सांगतेय, कारण पुढचं सगळं, ते सुंदर दगडी घरसुद्धा, याच्यावर उभं आहे.

पहिल्या खाणवाल्यांना घर बांधायला वेळ नव्हता, ते टेकडीत बीळ खणायचे आणि त्यातच राहायचे. बॅजर नावाचा प्राणी असाच बिळात राहतो, म्हणून यांना लोक बॅजर म्हणायला लागले, आणि विस्कॉन्सिनला बॅजर स्टेट म्हणतात ते त्यावरून! युनिव्हर्सिटीच्या टीमच्या टीशर्टवर जो प्राणी असतो ना, तो मुळात खाणीतला गरीब माणूस आहे.

वरवरचं शिसं संपत आलं तसं खोल जायची वेळ आली, कठीण खडक फोडायचा, पाणी उपसायचं, आणि हे काम येणारी माणसं होती इंग्लंडच्या अगदी टोकाला, कॉर्नवॉलमध्ये. तिथे पिढ्यानपिढ्या कथील आणि तांब्याच्या खाणी. १८३० च्या दशकापासून ती इकडे यायला लागली. एक आला की मुकादमाला म्हणायचा, माझा एक चुलतभाऊ आहे जॅक, कामाला एक नंबर, बोलावून घेऊ का? म्हणून त्यांना सगळे कझिन जॅकच म्हणायचे. कोकणातून मुंबईच्या गिरणीत गाववाला गाववाल्याला चिकटवायचा, त्यातलाच हा प्रकार.

आता घराकडे या. बीळ त्यांना चालेना, कारण ते बायकापोरं घेऊन आले होते, आणि दगड तर हातातलाच. टेकडीच्या पायथ्याशी, चढाला पाठ लावून, गावाकडच्यासारखी छोटी दगडी घरं बांधली. मी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभी होते. समोरची भिंत घडीव दगडाची, प्रत्येक चिरा चौकोनी, सांधा सरळ. मग कोपऱ्यावरून बाजूला वळा, तर तिथे अनगड दगड, जसे निघाले तसे चुन्यात बसवलेले. म्हणजे रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला जे दिसणार त्यावर सगळी मेहनत, बाकी ठिकाणी काम भागलं की झालं. मला ते बघून गलबलून आलं. दिवसभर जमिनीखाली मेणबत्तीच्या उजेडात राबणारा माणूस संध्याकाळी उरलेल्या उजेडात दगड घडवत बसतो, कशासाठी, तर परक्या गावात आपलं दार नीट दिसावं म्हणून. आत खोल्या ठेंगण्या, चूल मोठी, खिडकीची कड इतकी रुंद की तिच्यावर पोर बसेल.

या रस्त्याचं नाव शेक रॅग स्ट्रीट. गावात सांगतात की समोरच्या टेकडीवर खाणी होत्या, जेवण तयार झालं की बायका दारात येऊन फडकं हलवायच्या आणि वरून पुरुष खाली यायचे.

आणि जेवण काय, तर पेस्टी, सुरुवातीला म्हटलेली करंजी ती हीच. जाड पीठाची पारी, आत मांस, बटाटा, कांदा, सलगमासारखा एक कंद, पारी दुमडायची आणि कडेला मुरड घालायची. मुरड, दुसरा शब्द नाही त्याला! गावातल्या पेस्टीच्या दुकानातल्या बाईंचे हात मी बघत होते, अंगठा आणि पहिलं बोट, दाब दिला की वळवलं, दाब दिला की वळवलं, माझी आजी अशीच घालायची. खाणीत न्यायला पेस्टीच्या कोपऱ्यावर नावाचं अक्षर कोरायचे, म्हणजे कोणाची कुठली ते कळावं. आपल्याकडे लेक सासरी निघाली की, गौरी जायला निघाल्या की मुरडीचा कानवला देतात, का, तर जाणारीने मुरडून परत यावं. हे मी तिथल्या बाईंना सांगितलं तर त्या हात थांबवून ऐकत राहिल्या.

कॉर्नवॉलची माणसं मात्र मुरडून परत गेली नाहीत, उलट पुढेच निघाली. १८४८ ला कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि पुढच्या एकदोन वर्षांत मिनरल पॉइंटहून माणसं तिकडे जायला लागली. घडीव चिऱ्यांची ती घरं, दहा वर्षंसुद्धा राहिले नसतील काही जण. जी कुटुंबं मागे राहिली त्यांना पुढे जस्ताच्या खाणींनी काम दिलं.

इथे एक आपल्या देशातली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच कॉर्नवॉलचे खाणवाले पुढे कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणीतही गेले. १८८० ला जॉन टेलर अँड सन्स कंपनी तिथे उतरली आणि खाणीचे कप्तान, फोरमन कॉर्नवॉलहून आणले. जगातल्या सगळ्यात खोल खाणींपैकी एक ती, २००१ ला बंद झाली. पण कोलारमध्ये कॉर्नवॉलचा माणूस साहेब होता, बंगल्यात राहायचा, आणि खाली उतरणारे बहुतेक तमिळ आणि तेलुगू मजूर एका खोलीच्या झोपड्यांत. मिनरल पॉइंटचं घर बघताना मला सारखं वाटत होतं की तीच माणसं, तेच कसब, इकडे गरीब स्थलांतरित आणि तिकडे राज्यकर्त्यांच्या रांगेत. त्या मजुरांच्या खोल्यांचं कोणी म्युझियम केलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कारण घर आपोआप टिकत नाही. १९३० च्या मंदीत शेक रॅग स्ट्रीटवरची ही घरं पडायला आली होती, लोक दगडासाठी पाडत होते. तेव्हा रॉबर्ट नील, मिनरल पॉइंटचाच, आणि त्याचा जोडीदार एडगर हेलम, या दोघांनी १९३५ ला एक पडकं घर घेतलं आणि स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलं. त्याला नाव दिलं पेंडार्विस. म्हणजे हे नाव मूळ राहणाऱ्यांनी दिलेलं नाही बरं का, ते शंभर वर्षांनंतर कॉर्नवॉलहून उसनं आणलेलं. मग शेजारची घरं घेतली, पोलपेरो, ट्रेलॉनी. पैसा कुठून येणार, तर त्यांनी घरातच रेस्टॉरंट काढलं, पेस्टी आणि केशराचा केक, आणि लांबून लांबून लोक टेबल बुक करून यायला लागले. घराचे वासे, घराची कौलं, सगळं त्या पेस्टीवर उभं राहिलं म्हणा ना. दोन पुरुष त्या काळात छोट्या गावात एकत्र संसार करतात, गाव काय काय बोललं असेल, पण पस्तीस वर्षं त्यांनी ते चालवलं. १९७० ला राज्याच्या हिस्टॉरिकल सोसायटीने सगळं ताब्यात घेतलं, आणि १९७१ पासून ते लोकांना बघायला खुलं झालं.

आता समोरची टेकडी. तिथे मेरी ख्रिसमस नावाची जस्ताची खाण होती, आता गवताळ माळ आहे आणि चालायला ट्रेल. वर जाताना जागोजागी खड्डे दिसतात, गवताने भरलेले, जुन्या खणतीचे. ऑक्टोबर होता, वारा खूप. फडक्याची ती गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती, एवढ्या लांबून दिसेल तरी का, म्हणून मी नवऱ्याला खाली घराच्या दारापाशी थांबायला सांगितलं आणि एकटी वर गेले. वळून बघितलं तर घर काडेपेटीएवढं. त्याने गळ्यातला मफलर काढला आणि डोक्यावर धरून हलवला. स्पष्ट दिसला. मग मी खाली उतरले, जेवायची वेळ झालीच होती.