ईडन गाव आणि जिभेचा वाटा

नमस्कार श्रोतेहो. आज तुम्हाला ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावर न्यायचं आहे, ईडन नावाच्या गावात. सिडनीहून निघायचं, समुद्र डाव्या हाताला ठेवायचा आणि पावणेपाचशे किलोमीटर खाली जायचं. वस्ती जेमतेम तीन हजारांची. पण समोरचा उपसागर बघाल तर डोळे निवतील. त्याचं नाव टूफोल्ड बे. खोल, शांत, वारा अडवणारा. जॉर्ज बास हा दर्यावर्दी 1797 मध्ये होडीतून इथे आला. त्याच्या आधी हजारो वर्षं हा किनारा युइन लोकांचा होता, त्यांच्यातल्या थावा लोकांचा. हे नाव लक्षात ठेवा, थावा. आजच्या गोष्टीत खरे जाणते तेच.

गावाच्या खुणा पटपट सांगते, कारण मला लवकर त्या गोष्टीकडे जायचं आहे.

उपसागराच्या दक्षिण टोकावर वालुकाश्माचा एक मनोरा आहे, बॉइड्स टॉवर. बेन बॉइड नावाचा धनाढ्य माणूस 1842 मध्ये स्वतःच्या जहाजातून ऑस्ट्रेलियात आला. इथे स्वतःच्या नावाचं गाव वसवायला घेतलं, बॉइडटाउन. खाणावळ बांधली, चर्च बांधलं, 1847 मध्ये दीपगृह म्हणून हा मनोरा उभा केला. सरकारनं दिवा लावायला परवानगीच दिली नाही. दोन वर्षांत बॉइड बुडाला, निघून गेला, आणि 1851 मध्ये सॉलोमन बेटांवर नाहीसा झाला. मनोऱ्याच्या माथ्यावर दगडात कोरलेलं त्याचं नाव मात्र अजून दिसतं. माणसानं स्वतःचं नाव स्वतः दगडात कोरून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मागची माणसं कोरतील तर कोरतील. आणि याच बॉइडनं पॅसिफिक बेटांवरची माणसं जहाजात भरून मजुरीला आणली होती. त्याच्या नावाचं राष्ट्रीय उद्यान इथे होतं, ते नाव 2022 मध्ये काढलं. आता ते बेओवा राष्ट्रीय उद्यान आहे. बेओवा हा थावा लोकांचा शब्द. अर्थ, किलर व्हेल.

आणखी दक्षिणेला ग्रीन केपचं दीपगृह, 1883 चं. तिथे दिवा होता, तरी 1886 मध्ये त्याच दिव्याच्या पायथ्याशी लाय-ई-मून ही आगबोट खडकावर फुटली. 71 माणसं गेली. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संत मेरी मॅकिलॉप, त्यांच्या आई फ्लोरा त्या बोटीवर होत्या. त्याही गेल्या.

आता गोष्ट. हिच्यासाठीच मी आज माइकसमोर बसले आहे.

ईडनला देवमाशांची शिकार चालायची. किनाऱ्यावरून, वल्ह्यांच्या होड्यांतून, हातानं फेकायच्या भाल्यानं. 1828 पासून हा धंदा इथे होता. पुढे डेव्हिडसन घराण्यानं तो तीन पिढ्या चालवला. त्यांचा तळ टोवाम्बा नदीच्या मुखाशी, कायाह इथे, आणि त्यांच्या होड्यांत थावा माणसं वल्ही मारायला, भाला फेकायला. थंडीत देवमासे किनाऱ्यालगत वर सरकायचे आणि त्यांच्या मागावर किलर व्हेलचा कळप यायचा. काळेपांढरे, दातांचे, अतिशय हुशार.

हा कळप देवमाशाला उपसागरात कोंडायचा. काही जण बाहेरच्या बाजूनं वाट अडवायचे, काही खालून, म्हणजे त्यानं बुडी मारू नये, आणि काही थेट त्याच्या नाकपुडीवर अंग टाकायचे, म्हणजे श्वास घेता येऊ नये. आणि हे चालू असताना त्यांच्यातला एक जण डेव्हिडसनांच्या तळासमोर यायचा आणि पाण्यावर शेपटी आपटायचा. धप्प. धप्प. रात्र असो, पहाट असो. तो आवाज आला की माणसं अंथरुणातून उठून होड्यांकडे धावायची. परत सांगते, श्रोतेहो: किलरांनी माणसांना उठवायला यायचं. हे थावा लोक पिढ्यानपिढ्या जाणत होते. हे किलर म्हणजे आपलेच गेलेले पूर्वज, परत आलेले, असं ते मानत. आणि 1840 च्या दशकात ऑस्वाल्ड ब्रायरली या चित्रकारानं ते आपल्या डायरीत लिहूनही ठेवलं आहे.

सगळ्यांना नावं होती. हूकी, कूपर, हम्पी, टायपी. पाठीवरच्या उभ्या पंखावरून ओळखायचे. आणि सगळ्यांत लाडका टॉम. ओल्ड टॉम. होडी हळू चालली असं वाटलं की टॉम दोर तोंडात धरायचा आणि होडी ओढत न्यायचा. गावची माणसं अशीच सांगतात.

देवमासा मेला की एक नियम होता. इंग्रजीतून त्याला जिभेचा कायदा म्हणतात, मी त्याला जिभेचा वाटा म्हणते. मेलेला देवमासा ताबडतोब ओढून न्यायचा नाही. त्याला नांगर बांधायचा, वर खूण म्हणून पिंप तरंगत ठेवायचं आणि घरी जायचं. एखाददुसरा दिवस तो किलरांचा. ते फक्त जीभ आणि ओठ खायचे. बाकी सगळं, म्हणजे चरबी, ज्यातून तेल निघतं, आणि तोंडातली ती लवचीक पाती, ज्यांची बायकांच्या कपड्यांना किंमत होती, ते माणसांचं. दरम्यान मेलेल्या देवमाशाच्या पोटात वायू भरायचा आणि तो आपोआप वर यायचा. मग ओढायलाही सोपा. दोघांचं भलं. जीभ त्यांची, चरबी आपली.

हा हिशोब कागदावर नव्हता. तरी तो दशकानुदशकं पाळला गेला.

आणि मग 1923 साल आलं. हंगाम वाईट होता. एक लहानसा देवमासा मिळाला. जॉर्ज डेव्हिडसन होडीत होते, सोबत त्यांचे मित्र जॉन लोगन, आणि लोगन यांची लहान मुलगी. वादळ येत होतं. रात्रभर ठेवला तर हा देवमासा हातचा जाईल, अशी लोगनना धास्ती. त्यांनी तो ओढून न्यायला लावला. टॉमनं दोराचं दुसरं टोक दातांत धरलं. इकडून यांत्रिक होडी ओढतेय, तिकडून टॉम ओढतोय. म्हातारा झालेला टॉम. आणि त्या ओढाओढीत टॉमचे दात निघाले. लोगनना त्याच क्षणी कळलं आपल्या हातून काय घडलं ते. मुलीनं मोठेपणी सांगितलं, की वडील हादरून गेले होते. दातांशिवाय किलरचं जगणं कठीण.

सात वर्षांनी, 17 सप्टेंबर 1930 ला, टॉमचं शरीर उपसागरात तरंगताना दिसलं. त्याच्या जबड्यात गळवं झाली होती. पुन्हा कळप असा कधी आला नाही.

जॉर्ज डेव्हिडसननी त्याचा सांगाडा साफ केला. तो ठेवायला गावात संग्रहालय उभं राहिलं आणि त्यात लोगन यांचाही हात होता. आज तिथे टॉम आहे, साडेसहा मीटरहून लांब, छताखाली तोललेला.

मध्येच एक सांगून घेते. ईडनला गेलात तर स्नग कोव्हच्या धक्क्यावर या उपसागरातले शिणाणे, म्हणजे काळे शिंपले, मिळतात. घ्या. दाढी ओढून काढायची, उघडलेला बंद होतोय का ते टिचकी मारून बघायचं, हे तुम्हाला सांगायला नको. ओलं खोबरं, कोकम, हिरवी मिरची. पाण्याजवळ मिळालेलं जिन्नस पाण्याजवळच खावं. सुपरमार्केटच्या पिशवीत बांधून शहरात नेऊन त्याची चव मारू नये, हे मी माझ्या आजीकडून शिकले आणि कधीही सोडणार नाही.

तर संग्रहालय. मी गेले तेव्हा आत शाळेची मुलं होती. शिक्षिकेनं त्यांना घाई केली नाही, जमिनीवर बसू दिलं. एक मुलगा सांगाड्याच्या जबड्याखाली आडवा झोपून वर बघत होता. मीही वाकले. दात दिसतात तिथे. एका बाजूचे झिजून गेलेले, आखूड, गुळगुळीत, दगडाच्या पाट्यासारखे. शेजारी रिकाम्या जागा. वर्षानुवर्षं दोर ओढला म्हणून झिजले, असं गावचे लोक सांगतात.

2023 मध्ये शास्त्रज्ञांनी टॉमच्या अवशेषांतून त्याचं कूळ शोधलं. न्यूझीलंडच्या किलरांशी त्याचं साम्य निघालं. पण त्याचे जवळचे वंशज, आज जिवंत असलेले, कुठेच सापडले नाहीत. ईडनचा तो कळप बहुधा संपला. किलर व्हेल त्या समुद्रात अजूनही दिसतात. तळासमोर येऊन शेपटी आपटणारा मात्र कोणी नाही.

कायाहच्या मुखाशी डेव्हिडसनांचा तळ आजही बघता येतो. तेल उकळायच्या जागेचे अवशेष आहेत, पाण्यापर्यंत गेलेला उतार आहे. मी तिथे संध्याकाळी बराच वेळ बसले होते. भरती होती. पाणी दगडांवर येत होतं आणि परत जात होतं.

पुन्हा भेटू. नमस्कार.