सावडीची चाळ

हे जे समोर दिसतंय ना, लाल कौलांचं, दोन्ही अंगांनी मोकळं, जमिनीपासून दोन फूट उचललेलं, ही आमची कांदाचाळ, कांदा साठवायची. ४० फूट लांब, दुपाखी, म्हणजे कांदा भरायचे दोन लांब कप्पे, मधे पाच फुटांची बोळ. नाशिकच्या निफाड तालुक्यात अशा चाळी रस्त्याने जाताना जागोजागी दिसतात, त्यामुळे कोणी गाडी थांबवून बघत नाही. पण मला ही दाखवायचीच होती, कारण हिच्यातला एकही खांब आम्ही घरच्यांनी एकट्याने उभा केलेला नाही.

चाळीच्या आधी आमच्याकडे पोळ असायची. म्हणजे एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा काढला की निंबाखाली ढीग लावायचा, वरून उसाचं पाचट टाकायचं आणि आभाळाकडे बघत बसायचं. एका वर्षी मे महिन्यात रात्री दोनला पाऊस आला, अवकाळी, विजा चमकत होत्या आणि आम्ही चौघं ताडपत्रीची चार टोकं धरून उभे, पण वारा असा की ताडपत्री हातात राहीना. सकाळी वरून सगळं ठीक दिसत होतं. आठ दिवसांनी ढिगाच्या मधोमध हात घातला तर आत गरम लागलं. गरम लागलं म्हणजे संपलं. कांदा जिवंत असतो, काढल्यावर सुद्धा श्वास घेतो, त्याच्यातून ऊब निघते, पाणी निघतं, आणि ती ऊब बाहेर पडायला जागा नसली की एक सडतो, तो शेजारच्याला सडवतो. त्या वर्षी उरलेला माल आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मिळेल त्या भावाने लासलगावच्या मार्केटला घालून टाकला, आणि दोन महिन्यांनी भाव वाढलेला आम्ही नुसता ऐकला.

तेव्हापासून आण्णांच्या डोक्यात चाळ होती. पैसे नव्हते.

आता इथे आईची गोष्ट सांगायला पाहिजे, कारण चाळीची सुरुवात खरंतर तिच्यापासून आहे. आमच्याकडे कांद्याची लागवड सावडीने चालते. डिसेंबर-जानेवारीत सगळ्यांची रोपं एकदमच तयार होतात, मजूर मिळत नाही, मग आठ-दहा घरच्या बाया ठरवतात, आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या, परवा तिच्या. पैसा कोणी कोणाला देत नाही, दिवसाला दिवस द्यायचा. कोण किती दिवस आलं हे आईच्या तोंडपाठ असतं. आजी सांगायची, तिच्या काळी नांगरटीला इर्जिक घालायचे, गावातले बैल एका शेतात यायचे आणि संध्याकाळी त्या घरी जेवण, घर शाकारायचं तरी तसंच. ट्रॅक्टर आले आणि बैलांची इर्जिक गेली. बायांची सावड मात्र राहिली, कारण कांद्याचं रोप अजून हातानेच लागतं.

तर एकदा दुपारी जेवताना आई म्हणाली, "लागवड सावडीने होते तर चाळ का नाही होणार? मी ज्यांच्या वावरात दिवस भरलेत त्यांची पोरं तुझ्याच तर वर्गातली आहेत."

मी त्या रात्री पाच जणांना फोन केले. एक वेल्डर, फॅब्रिकेशनचं दुकान चालवतो. एक गवंडी. एक पिंपळगावला नोकरीला. दोघं शेतकरी, त्यातल्या एकाची द्राक्षं तेव्हाच काढणीला आलेली, त्याला मी म्हटलं तू राहू दे रे, तर म्हणाला सकाळी सहा ते नऊ येतो, नंतर बागेत जातो. आणि तो खरंच रोज आला.

फेब्रुवारीत आखणी केली. आण्णांचं म्हणणं होतं चाळ बांधाला धरून करू, जागा वाचेल. गवंडी मित्र म्हणाला, "आण्णा, दुपाखी चाळ पूर्व-पश्चिमच पाहिजे, नाहीतर उन्हाळाभर लांब अंगावर ऊन बसेल आणि कांदा भाजून निघेल." आण्णा गप्प राहिले, बांधाकडे बघितलं, मग स्वतःच दोरी धरायला खाली बसले. मला तो क्षण फार लक्षात आहे. आमच्या घरात शेतातला शब्द आण्णांचा असतो.

चुन्याची फक्की मारून चौकट काढली, ४० बाय १३. चार-चार फुटांच्या दोन पाखी आणि मधली पाच फुटांची बोळ. डोळ्याला एकदम चौकोनी दिसत होतं. मग गवंडी मित्राने टेप घेतला आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं, मग दुसरं तिरकं, दोन्हीत वीतभर फरक. म्हणजे आमची चौकट वाकडी होती. बरोबर असती तर दोन्ही तिरकी मापं ४२ फूट आणि पाऊण इंच भरायला पाहिजे होती. फक्की पुसली, काटकोनासाठी गुण्या लावला, तीन-चार-पाचचं माप घेऊन परत काढली. अख्खी सकाळ गेली, पण हे तेव्हा चुकलं असतं तर पुढे कैची बसली नसती, कौल बसलं नसतं, काहीच बसलं नसतं.

वीस खड्डे. काळ्या मातीच्या खाली मुरूम लागला आणि पहार वाजायला लागली. दर दहा फुटांवर चार खांब, अशा पाच ओळी. खांब उभे करताना एकाने खांब सरळ आहे का बघायला ओळंबा धरायचा, एकाने पाण्याची नळी धरून लेव्हल बघायची, बाकीच्यांनी काँक्रीट ओतायचं. नोकरीवाला मित्र दोन रविवार आला, त्याच्या हाताला फोड आले, त्याने रुमाल बांधला आणि पाटी उचलली.

आणि मग कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे.

पाच लोखंडी कैच्या वेल्डरने दुकानातच रात्री बसून केल्या, लोखंड आमचं, मेहनत त्याची. एकेक कैची शंभरेक किलोची. क्रेन बोलवायची तर तिचं भाडं द्यावं लागणार, म्हणून बांबूची घोडी बांधली, दोन दोरखंड घेतले आणि आठ जण लागलो. एक बाजू वर गेली की दुसरी डगमगायची. वर खांबाच्या टोकाला वेल्डर बसलेला, तो ओरडायचा "सोड... थोडं सोड... धर आता धर", आणि खालचे सगळे दोरीला लोंबकळलेले, कोणी हलत नाही. पहिल्या कैचीला तास लागला. पाचव्या कैचीला पंधरा मिनिटं लागली असतील. तेवढ्या वेळात आठ माणसांचे हात एकमेकांना ओळखायला लागले होते, कोण कधी ओढणार हे सांगावं लागत नव्हतं. तिसऱ्या कैचीच्या वेळी आई डोळे मिटून उभी होती, ते मला नंतर व्हिडिओत दिसलं.

कौलांचं सांगतो. चाळीवर बरेच जण पत्रा टाकतात, सोपं पडतं, पण पत्रा तापतो आणि ती धग सरळ कांद्यावर उतरते, म्हणून मंगलोरी कौल कधीही चांगलं. आमच्याकडे आजोबांच्या जुन्या घराची कौलं होती, घर पाडून स्लॅब टाकला तेव्हापासून निंबाच्या बुंध्याशी रचून ठेवलेली, शेवाळ चढलेली. बायांनी दोन दिवस बसून घासली. मग त्या दिवशी निंबापासून चाळीपर्यंत रांग लागली, बाया, पोरं, शेजारचे काका, मित्र, आणि हातातून हातात एकेक कौल. हजार-बाराशे कौलं, एकेक साधारण अडीच किलोचं. वर लाकडी रिपा मारलेल्या, बारा-तेरा इंचांवर एक, त्याच्यावर खालून वर ओळ चढत गेली. ज्या कौलांखाली आण्णा जन्मले ती आता कांद्यावर आहेत. आण्णा त्या दिवशी रांगेत शेवटी उभे होते, शिडीपाशी, प्रत्येक कौल त्यांच्या हातातून वर गेलं.

तळाला आणि बाजूंना बांबूच्या कामट्या, मधे फटी ठेवून. खालच्या दोन फूट मोकळ्या जागेतून गार हवा आत शिरते, कांद्यातली ऊब घेऊन वर जाते आणि फटीतून बाहेर पडते, एवढंच त्या चाळीचं काम. याला लाईट लागत नाही, मशीन लागत नाही.

होळीच्या आदल्या दिवशी काम संपलं. जेवण आईने ठेवलं होतं, काळ्या मसाल्याचा रस्सा, बाजरीच्या भाकरी, आणि ज्यांना चालत नाही त्यांना शेवभाजी. चाळीच्या रिकाम्या बोळीतच पंगत बसली. शासनाचं अनुदान तेव्हा टनाला साडेतीन हजार होतं, आमची चाळ २५ टनांची, म्हणजे ८७,५०० रुपये, ते लोखंड-सिमेंटच्या उधारीत गेलं. मजुरी वहीत कुठेच नाही. मजुरीच्या जागी आण्णांनी नावं लिहिलीत आणि नावापुढे दिवस.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा भरली. पातीसकट वावरात सुकवलेला कांदा, मग सावलीत ठेवलेला, वरची मान इंच-दीड इंच ठेवून कापलेला. जोडकांदा नाही, फुलाचा दांडा आलेला डेंगळा नाही, बारीक चिंगळी नाही, तो सगळा निवडून आधीच मार्केटला. थर पाच फुटांच्या वर नाही, नाहीतर खालचा दबतो. आई प्रत्येक क्रेट ओतणाऱ्याला सांगत होती, "उंचावरून टाकू नको रे, त्याला मार लागतो."

पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला हवेत ओल असते तेव्हा जीव टांगणीला लागतो. पश्चिमेकडून झड आली की बारदानाचे पडदे सोडायचे, उघडीप पडली की लगेच वर करायचे. रोज बोळीतून एक चक्कर, नाक उघडं ठेवून. सडलेल्या कांद्याचा वास दिसण्याआधी येतो. त्या वर्षी सप्टेंबरात एक पाखी उघडली तेव्हा ते पाचही जण आले होते, न बोलावता. वेल्डरने फळी काढली, हात कोपरापर्यंत आत घातला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाला, "गार आहे."

मला खोटं चित्र उभं करायचं नाही. चाळ असली म्हणजे भाव मिळतोच असं नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, त्याच डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, तेव्हा भरलेल्या चाळीवालेसुद्धा हताश झाले होते. पण काढला की त्याच आठवड्यात विकायचा, ही जी सक्ती होती ती चाळीने काढून घेतली. आण्णा आता मार्केटला जातात, भाव बघतात, आणि पटला नाही तर घरी येतात. रिकाम्या हाताने घरी येणारे आण्णा मी लहानपणी कधीच बघितले नव्हते.

पलीकडे दिसतोय तो गोठा पुढच्या वर्षी केला, मुक्त संचार, म्हणजे गाई न बांधता मोकळ्या ठेवायचा, चार गाईंचा. तेच मित्र, तीच दोरी, फक्त या वेळी तिरकी मापं पहिल्याच फटक्यात जुळली. गाईंना वर छप्पर कमी आणि मोकळं आवार जास्त लागतं, त्यामुळे काम लवकर उरकलं, आठ दिवसात गव्हाणी सुद्धा झाल्या.

वहीतली दिवसांची फेड चालू आहे. गवंड्याच्या घराच्या स्लॅबला मी तीन दिवस होतो, द्राक्षवाल्याच्या काढणीला आम्ही घरचे सगळे. वेल्डरने आता वडिलांच्या दोन एकरात पहिल्यांदाच उन्हाळ कांदा लावलाय आणि त्याला चाळ करायचीय, एकपाखी, म्हणजे ती दक्षिण-उत्तर बसवावी लागणार. उद्या सकाळी सहाला आखणी आहे. आईने भाकरी बांधून द्यायचं ठरवलंय, आण्णांनी ओळंबा आणि दोरी आत्ताच गाडीला अडकवून ठेवलीय, आणि मला विचारतायत, चुन्याची फक्की त्याच्याकडे आहे ना, का इथूनच नेऊ?