नाव माहितीये, पण कागद कुठेत?

नमस्कार मंडळी. परवा वागळे इस्टेटमधले एक मसालेवाले काका माझ्याकडे आले, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जुनी बिलं घेऊन, आणि म्हणाले, मॅडम, आमचं नाव अख्ख्या ठाण्याला माहितीये, मग आमचा ट्रेडमार्क वेल-नोन म्हणून लागेल ना?

आता वेल-नोन, म्हणजे कायद्यानं मान्य केलेलं नामांकित नाव, हा दर्जा लोकांना का हवा असतो ते सांगते. तो मिळाला की दुसऱ्या मालावरसुद्धा तुमचं नाव कोणी लावलं तर अडवता येतं. 1993 मध्ये दिल्ली हायकोर्टानं बेंझ हे नाव अंतर्वस्त्रांवर लावायला मनाई केली होती, गाडी कुठे आणि बनियन कुठे, पण नावाची पत तीच ना!

ट्रेडमार्क कायद्याचं कलम 11 बघतं की नाव किती लोक ओळखतात, किती वर्षं आणि कुठेकुठे वापरात आहे, जाहिरात किती केली, रजिस्ट्रेशन कुठे आहे, नक्कल करणाऱ्यांविरुद्ध कोर्टात जिंकलात का. आणि मला मनापासून पटलेली गोष्ट म्हणजे, नाव सगळ्या जनतेला माहिती असायची सक्ती नाही, तुमच्या मालाशी संबंध असलेल्या लोकांना माहिती असलं तरी चालतं. म्हणजे रबाळे एमआयडीसीत लेथवर काम करणारा माणूस एखाद्या टूलचं नाव झोपेतही सांगेल, त्याच्या घरी ते कोणी ऐकलेलंही नसेल, तरी ते चालतं.

2017 च्या नियमांपासून या दर्जासाठी थेट ट्रेडमार्क रजिस्ट्रारकडे अर्ज करता येतो, टीएम-एम फॉर्म, ऑनलाइनच, फी 1 लाख रुपये. सोबत अ‍ॅफिडेव्हिट, वर्षावर्षाची विक्री, जाहिरातीचा खर्च, कोर्टाचे निकाल असतील तर ते. आणि पुरावा लागतो तो असा, तारखेचा आणि नाव दिसणारा, "सगळ्यांना माहितीये" हे तिथे चालत नाही हो.

काकांना मी स्पष्टच सांगितलं, फक्त ठाण्याच्या ओळखीवर हे अवघड आहे, आधी साधं रजिस्ट्रेशन करा. तोंड उतरलं त्यांचं, मलाही वाईट वाटलं. मग आम्ही डबा उपसायला बसलो. नव्या बिलाच्या मशीनमधून छापलेल्या पावत्या पार पांढऱ्या पडलेल्या, एक अक्षर वाचता येईना, आणि 26 जुलैच्या पुरात भिजलेला एक गठ्ठा तर विटेसारखा चिकटलेला. पण तळाशी कोपरीच्या दुकानाचं 1987 चं बिल निघालं, त्यावर जांभळ्या शाईत नावाचा शिक्का, अगदी ठसठशीत. काका ते दोन बोटांत धरून लगेच खाली झेरॉक्सला गेले.